फ्लॉपीचं माहेर

डेटा जातो, किस्से राहतात. आमच्या धंद्यात हा एकच नियम कधी मोडलेला मी पाहिला नाही. हार्ड डिस्का भंगारात गेल्या, फ्लॉप्यांचा जमाना संपला, सीडींवर बुरशी चढली; पण त्या गेल्या तेव्हा कोण काय म्हणालं, ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. चार ओळखीची माणसं जमली की एक किस्सा निघतो, त्याला लागून दुसरा निघतो आणि चहा दोनदा होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरार पश्चिमेला एका बेकरीच्या वर आमचं दहा बाय बाराचं ऑफिस होतं. 'आमचं' म्हणजे माझं आणि माझा पार्टनर विल्फ्रेड याचं. विल्फ्रेड वसईच्या गावातला. हात असा की आठ दिवस रुसलेला प्रिंटर त्याने नुसतं झाकण उघडलं तरी कागद ओढायला लागायचा. बोलणं मात्र दिवसाला मोजून दहा शब्द. त्यामुळे बोलायचं खातं माझ्याकडे. छोट्या धंदेवाल्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि त्यात साठवलेलं कधी जाणार नाही अशी सोय लावायची, हा आमचा उद्योग.

नवं गिऱ्हाईक दार उघडून आधी माझ्याकडे, एका बाईकडे, बघायचं. मग माझ्या मागे बघायचं.

"इंजिनिअर कधी येतील?"

"आले."

"कुठायत?"

"तुमच्याशी बोलतायत!"

मागे कोपऱ्यात सोल्डरिंग करणारा विल्फ्रेड यावर खाली मान घालून हसायचा. दर वेळी, न चुकता.

*

नालासोपाऱ्याचे एक होमिओपॅथ डॉक्टर आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. होमिओपॅथीत पेशंटची हकीकत फार. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, लहानपणी कशाची भीती वाटायची, सगळं लिहून घ्यायचं. डॉक्टरांनी हौसेने ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. अर्ध्या नालासोपाऱ्याची स्वप्नं त्या एका डब्यात होती म्हणा ना!

मी विचारलं, "डॉक्टर, बॅकअप आहे?"

"आहे म्हणजे काय! या, दाखवतो."

मला वाटलं, कपाट उघडतील. ते मला जिन्याखाली घेऊन गेले. तिथे दोन भल्यामोठ्या बॅटऱ्या आणि वर लाल दिवा लागलेला इन्व्हर्टर.

"चार तासांचा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "पंखा नाही लावला तर पाच!"

मी हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. पुढच्या महिनाभरात ज्याला ज्याला विचारलं त्याने मला बॅटरीच दाखवली. एकाने जिन्याखाली, एकाने माळ्यावर, एकाने तर बाथरूममध्ये. चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे लाईट इतक्या वेळा जायची की 'बॅकअप' हा शब्द आम्ही यायच्या आधीच बॅटरीवाल्यांनी पळवला होता.

मग मी शब्द बदलून पाहिला. म्हटलं, "तुमच्या माहितीची एक नक्कल काढून ठेवा."

समोरचा दुकानदार एकदम सावध झाला. "नक्कल? म्हणजे तलाठ्याकडे जावं लागणार?"

*

शब्द शेवटी दिला तो लताताईंनी.

लताताई बोळिंजला घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. नऊशे स्थळं कॉम्प्युटरवर. पत्रिका, उंची, अपेक्षा, आणि 'मुलगी समजूतदार आहे पण आई बोलते फार' अशा खास त्यांच्या नोंदी. एका सोमवारी मशीनमधून टक्-टक् असा आवाज यायला लागला. विल्फ्रेडने हार्ड डिस्कला कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा. मग मान हलवली.

"गेली."

"गेली काय, अहो!" लताताई ओरडल्या. "माझी नऊशे मुलं-मुली आहेत आत!"

चार महिने त्यांनी जुनी पत्रं, पाकिटं, डायऱ्या काढून सगळं पुन्हा टाईप केलं. पण कोणाचं लग्न जमलं आणि कोणाचं राहिलं, ही नोंद फक्त मशीनमध्येच होती. ती कायमची गेली. त्यामुळे त्यांनी एका इंजिनिअर मुलासाठी फार चांगली मुलगी शोधून त्याच्या घरी फोन लावला. फोन एका बाईंनी घेतला. लताताईंनी मुलीचं शिक्षण, रंग, नोकरी, सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "स्थळ खरंच चांगलं आहे हो. पण मी काही त्यांना सोडत नाही!"

त्या दिवशी लताताई स्वतः आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "आता मला नीट समजावून सांग. मी लिहून घेते."

मी सांगितलं. तुमचं सगळं एका मशीनमध्ये आहे. मशीन जळेल, भिजेल, चोरीला जाईल. म्हणून त्याचीच एक कॉपी दुसऱ्या घरात असायला हवी. तुमच्या घरात नाही, दुसऱ्या. इथे काही झालं तर तिथून सगळं परत आणता येईल.

लताताईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नांदायचं इथेच. पण काही वाईट झालं तर जायला मागे एक घर हवं."

"बरोबर."

"अगं, मग त्याला माहेर म्हण की सरळ!"

विल्फ्रेडने सोल्डरिंग थांबवून वर पाहिलं. तो म्हणाला, "बेस्ट."

हा त्याच्या दहा शब्दांतला एक होता, यावरून समजा.

*

त्या दिवसापासून बॅकअप हा शब्द आमच्या ऑफिसातून बाद. एका कागदावर मी नियम टाईप केले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनच्या वर चिकटवले. प्रत्येक मशीनला एक माहेर असलंच पाहिजे. दर शुक्रवारी फ्लॉपी माहेरी जाईल, कारण शुक्रवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी आणि लाईट त्यातल्या त्यात टिकायची. नवी पोचल्याशिवाय जुनी परत आणायची नाही. आणि त्याच बिल्डिंगमधलं घर माहेर म्हणून चालणार नाही.

हा शेवटचा नियम लोकांना पटेना. "खालच्या मजल्यावर माझी सख्खी बहीण राहते, तिथे ठेवतो ना!" एक गृहस्थ म्हणाला. मी आग, पाणी, शॉर्टसर्किट सगळं सांगून दमले. लताताई बाजूला बसल्या होत्या. त्यांनी एका वाक्यात काम केलं.

"खालच्या मजल्यावर माहेर असलेली बाई कधी माहेरी गेल्यासारखी वाटते का?"

तो गृहस्थ दुसऱ्याच दिवशी फ्लॉपी घेऊन आगाशीला मामाकडे गेला.

*

माहेर हा शब्द काही जणांनी जरा जास्तच मनावर घेतला.

नालासोपाऱ्यात शिरीषचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो, बारसं, पासपोर्ट साईज. पुढे सीडी आल्यावर तो सगळे फोटो सीडीवर घ्यायला लागला. मी विचारलं, "माहेर कुठलं ठरवलंस?" तो म्हणाला, "आमच्या मिसेसचं. पालघर." म्हटलं, उत्तम. लांब आहे, सुरक्षित आहे.

वर्षभराने त्याचं मशीन बसलं. बसलं म्हणजे पूर्ण बसलं. माहेरून सीडी आणली. मी लावली तर शेवटचे फोटो तीन महिन्यांपूर्वीचे.

"शिरीष, ही एवढी जुनी कशी? दर शुक्रवारी पाठवायची ना?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मिसेस काउंटरवर होत्या. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ती भांडण झालं की माहेरी जाते. जाताना सीडी नेते."

"मग?"

"तीन महिन्यांत भांडणच नाही झालं!"

एवढं ऐकून काउंटरवरून आवाज आला, "आज होईल!"

*

अर्नाळ्याला तांडेल म्हणून एकांचा बर्फाचा कारखाना होता. कोणत्या बोटीने किती बर्फ सांगितला, कोणाचा नंबर कधी, कोणाला पहाटे लागतो, हे सगळं मशीनवर. मासेमारीच्या दिवसांत या यादीला सोन्याची किंमत. एका बोटीचा नंबर चुकला तर किनाऱ्यावर महाभारत!

मी म्हटलं, "तांडेल, माहेर लांबचं शोधा. गावात पाणी शिरतं तुमच्या."

"पानी शिरनार नाय असी जागा हाय आपल्याकडं," ते म्हणाले. "तुमी नका घाबरू, मॅडम."

आणि खरंच एका भरतीला कारखान्यात पाणी शिरलं, मशीन भिजलं. मी आणि विल्फ्रेड दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. बाहेर बोटवाले ओळीने उभे, सगळे एकदम बोलतायत, आणि तांडेल मात्र खुर्चीत निवांत.

"माहेरची फ्लॉपी आणा," मी म्हटलं.

"येल. आठ दिवसांनी."

"आठ दिवस? कुठे ठेवलीय?"

त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "भावाच्या बोटीत. पानी शिरलं तरी बोट बुडत नाय ना! ती वर तरंगते!"

बोट मासेमारीला गेलेली. माहेर आठ दिवस समुद्रावर. तांडेलांनी ते आठ दिवस खडूने भिंतीवर याद्या लिहून काढले. बोट परतली तेव्हा विल्फ्रेड धक्क्यावर उभा होता. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेली फ्लॉपी त्याच्या हातात पडली. तिला बोंबलाचा वास होता, पण ती चालली. सगळी यादी परत आली. विल्फ्रेड म्हणाला, "सॉलिड." त्या फ्लॉपीचा वास आमच्या ऑफिसात महिनाभर होता, बेकरीच्या खारीच्या वासात मिसळून.

*

आता बस्त्याव अंकल.

बस्त्याव अंकल वसईच्या गावातले नावाजलेले टेलर. लग्नाचे सूट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्याकडे मापांचं मोठं रजिस्टर होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. गावातली कितीतरी मुलं आखातात नोकरीला. नवरा मुलगा लग्नाच्या आठ दिवस आधी विमानातून उतरणार, तेव्हा सूट मापावर तयार हवा. त्यामुळे माप हरवलं म्हणजे लग्नच अडलं. अंकलच्या मुलीने हट्टाने ती सगळी मापं कॉम्प्युटरवर चढवली आणि आम्हाला बोलावलं.

अंकलचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. मी माहेराची कल्पना सांगितली ती मात्र त्यांना फार आवडली. आठवड्याने ते आमच्या ऑफिसात आले ते कापडी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन. सुटाच्या अस्तराच्या, बरोबर फ्लॉपीच्या मापाच्या, वर एकेक बटण.

"माहेरी जायची तर पोरीला पिशवी नको?" ते म्हणाले.

मी खूश! आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्या पिशव्या वाटल्या. अंकल खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते. ऑफिसात लताताई होत्या, नालासोपाऱ्याचे डॉक्टर होते, अजून दोघे होते.

"बाय," अंकल म्हणाले, "सगल्यांना माहेर दिलंस. तुझं कुठे?"

"माझं? कणकवली!"

"तुझं नाय गो. तुझ्या मशीनचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगते, आमच्या मशीनला माहेर नव्हतं. कधीच नव्हतं. त्या मशीनमध्ये आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी होती. कोणाच्या मशीनमध्ये काय, कोणाची कॉपी कुठल्या घरी, कोणाकडे कधी जायचं, कोणाच्या मशीनचा कुठला आजार जुना. ती यादी गेली तर आमचं दुकान म्हणजे एक रिकामं टेबल आणि एक सोल्डरिंग गन. आणि मी जगाची माहेरं शोधत फिरत होते!

तेव्हा 'नाही' म्हणायला हवं होतं. पण चार गिऱ्हाइकांसमोर जीभ वळली नाही.

"आहे की!" मी मान वर न करता म्हटलं. "दर शुक्रवारी जातं."

मागे विल्फ्रेडचा हात हवेतच थांबला. सोल्डरिंगचा धूर सरळ वर गेला. मग त्याने पुन्हा काम सुरू केलं.

मी मनाशी ठरवलं, या शुक्रवारी नक्की. त्या शुक्रवारी एका गिऱ्हाइकाचं मशीन बिघडलं. मग पुढच्या शुक्रवारी नक्की. अशी दोन वर्षं गेली. मध्ये कोणी विचारलं की मी म्हणायचे, "आहे की!" शेवटी शेवटी तर ते इतकं सहज तोंडातून यायचं की मलाच खरं वाटायचं.

*

दरम्यान नालासोपाऱ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला एक मोठी अक्कल शिकवली. त्यांनी नव्हे, त्यांच्या कंपाउंडरनी.

कंपाउंडर फार शिस्तीचे. दर शुक्रवारी न चुकता फ्लॉपी तयार, सुंदर अक्षरात लेबल, अंकलची पिशवी, बटण लावलेलं. वर्षभराच्या फ्लॉप्या ओळीने. मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. एकदा सहज म्हणून एक फ्लॉपी आमच्या मशीनमध्ये घालून पाहिली. आत एकच फाईल. इवलीशी. उघडेना.

"काका, तुम्ही कॉपी कशी करता, जरा दाखवा."

त्यांनी स्क्रीनवरचं पेशंटच्या फाईलचं चित्र धरलं आणि ओढत नेऊन फ्लॉपीत सोडलं. म्हणजे नुसता शॉर्टकट! माहिती जागची हललीच नव्हती. वर्षभर दर शुक्रवारी ते दारावरची पाटी माहेरी पाठवत होते.

मी समजावलं. ते ऐकायला तयार नाहीत. "पण मॅडम, चित्र तेच आहे की!"

लताताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलगी माहेरी निघाली म्हणजे पोचली असं नसतं गं. पोचल्याचा फोन आला की मगच जिवाला शांतता."

झाला नवा नियम! फ्लॉपी माहेरी गेली की तिथल्या किंवा जवळपासच्या एखाद्या कॉम्प्युटरवर ती उघडून बघायची, दोन-चार नावं वाचायची आणि आम्हाला फोन करायचा. मी यादीत खूण करायचे. शुक्रवारी संध्याकाळी आमचा फोन सारखा वाजायचा.

"मॅडम, पोचली!"

"उघडली का?"

"उघडली. तुमच्या लताताईंच्या नऊशेतली पहिली तर आमच्या नात्यातलीच निघाली! बरं झालं उघडली."

*

विल्फ्रेडबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या सुमाराला त्याला कपड्यांचा नाद लागला.

दर शुक्रवारी पावणेचार वाजले की तो उठायचा. "मापाला जातो." स्कूटर काढायची आणि वसईला, बस्त्याव अंकलकडे. आठवडा नाही, पंधरवडा नाही, दर शुक्रवारी! आणि घालायचा तर तेच दोन शर्ट. एक निळा चौकड्यांचा, एक तपकिरी.

मी त्याला सोडते होय? "विल्फ्रेड, लग्न ठरलं का रे?"

"नाही."

"मग दर आठवड्याला माप कशाला?"

"बारीक झालो."

पुढच्या शुक्रवारी विचारलं तर म्हणाला, "जाड झालो."

"अरे, अंकल शर्ट शिवतायत की तुझा पुतळा घडवतायत?"

तो खाली मान घालून हसला आणि जिना उतरला. मी लताताईंना सांगून टाकलं, याच्यासाठी एखादी मुलगी बघा, प्रकरण हाताबाहेर चाललंय.

*

आणि आता तो शुक्रवार.

कामणला गोदामांची एक मोठी कंपनी होती. अकरा गोदामं, प्रत्येकात कॉम्प्युटर. कुठला माल कुठल्या रांगेत, कुठला ट्रक कधी, सगळं त्यावर. त्यांचे मॅनेजर गुप्ते साहेब आमच्या माहेराबद्दल कुठून तरी ऐकून आले. आम्ही अकराही गोदामांची सोय लावायची, असं बोलणं झालं. एवढं मोठं काम आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं. ते मिळालं असतं तर दहा बाय बारातून बाहेर पडलो असतो.

गुप्ते साहेब जाताना म्हणाले, "शुक्रवारी चारला कागद घेऊन येतो. सही करण्याआधी एकच बघायचंय. तुमच्या मशीनचं माहेर. जे दुसऱ्याला सांगता ते स्वतः करता की नाही, तेवढंच."

"आहे की!" मी म्हटलं.

आणि या वेळी मी खरंच ठरवलं. शुक्रवारी सकाळी लवकर येऊन सगळं कॉपी करायचं, शेजारच्या बिल्डिंगमधल्या ओळखीच्यांकडे ठेवायचं, फोन करायला सांगायचं. सकाळी आले तर लाईट नव्हती. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता लाईट आली ती अशी आली की ट्यूबलाईट फट्कन फुटली आणि टेबलाखालून धूर. तो स्वस्तातला प्लगचा बोर्ड, जो वापरू नका म्हणून मी गावभर सांगत फिरायचे, तोच आमच्या टेबलाखाली होता. खारीच्या वासावर जळक्याचा वास चढला.

विल्फ्रेडने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. कान लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. लताताईंनी त्या सोमवारी बघितलं असेल तसंच.

"गेली," तो म्हणाला.

रडू आलं नाही, पण येऊन गेलं असतं तर बरं झालं असतं. एवढी वर्षं लोकांची काळजी वाहिली आणि आपल्याच घराला कुलूप नाही! विल्फ्रेड घड्याळाकडे बघत होता. पावणेचार झाले. तो उठला, स्कूटरची किल्ली घेतली.

"मापाला जातो."

मी त्याच्यावर जी ओरडले ती खाली बेकरीत ऐकू गेली. "आज? विल्फ्रेड, आज मापाला? अरे, माझं मरण आलंय इथे!"

"शुक्रवार आहे," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

गुप्ते साहेब बरोबर चारला आले. मी चहा मागवला, खारी मागवली, कामणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलले, त्यांच्या मुलीच्या दहावीवर बोलले. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी माझ्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं.

"हे बंद का?"

"जळलं. दुपारी."

"अरे वा!" त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आता खरंच बघता येईल. बोला, माहेर कुठाय?"

जिभेवर सगळं तयार होतं. माहेर कणकवलीला आहे, फ्लॉपी यायला चार दिवस लागतील. माहेर समुद्रावर आहे, आठ दिवस लागतील. पण त्या खुर्चीत बसून लताताईंनी पेन खाली ठेवलं होतं, त्याच खुर्चीत अंकलनी चहात खारी बुडवली होती. माझ्याच्याने झालं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "आमच्या मशीनला माहेर नाही. दोन वर्षं मी सगळ्यांना आहे म्हणून सांगतेय."

गुप्ते साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कागद नीट जुळवले, बॅगेत घातले. बॅगेची चेन ओढायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज, आणि त्यामागून विल्फ्रेडचा. तो आमच्या यादीतलं एकेक नाव वाचत होता. "लताताई, बोळिंज. डॉक्टर, नालासोपारा. तांडेल, अर्नाळा. शिरीष..." इतके शब्द त्याच्या तोंडून एका दमात मी कधीच ऐकले नव्हते.

मग बस्त्याव अंकल फोनवर आले.

"बाय, पोचल्याचा फोन करायचा राहिला. दोन वर्षांचे राहिलेत. सगले करू, की आजचा एक चालेल?"